डावीकडची काळी पट्टी

आमच्या जळगावच्या घरात एकच कूलर आहे आणि यंदापर्यंत उन्हाळाभर तो कॉम्प्युटरकडे तोंड करून असे. एप्रिल लागला की कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढायचं, समोर कूलर लावायचा आणि घरातल्या माणसांनी त्या दोघांच्या मधे न येता, उरलीसुरली हवा जिथे लागेल तिथे बसायचं. सासूबाई तांदूळ निवडायला तिथेच येत. पाहुणे आले की त्यांनाही आम्ही कॉम्प्युटरजवळ बसवत असू आणि त्यांना वाटे, आपला मोठा मान राखला. कूलर जरा माणसांकडे वळवला की थोड्याच वेळात स्क्रीन काळा होई. मग अर्धी टाईप केलेली पत्रिका कुठे जाई, ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

पत्रिका करणं हा माझा धंदा. धुळ्याला माहेरी असताना डीटीपी शिकले, लग्न होऊन इथे आल्यावर पुढच्या खोलीत काम सुरू केलं. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, शिवाय दशक्रियेची कार्डं. शहरातून आणि असोद्यासारख्या आसपासच्या गावांतून लोक येतात, कारण मी नावं चुकवत नाही अशी माझी ख्याती आहे. होती, म्हणायला हवं. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी चार शब्दांत आटोपतात. बाकी सगळं पान काका, मामा, आत्या, आत्यांचे यजमान, निमंत्रक, संयोजक आणि ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली यांचं असतं. एखादा मामा राहिला म्हणून लग्न मोडत नाही, पण तो मामा पंगतीला बसत नाही.

धंदा माझा असला तरी कॉम्प्युटर माझा नव्हता. तो आबांचा होता. आबा म्हणजे माझे सासरे. शाळेत जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी तो हौसेनं घेतला. त्यावर ते स्वतः काही करत नसत. सकाळी त्याच्यावरचं कापडी आवरण काढायचे, संध्याकाळी घालायचे. आवरण सासूबाईंच्या जुन्या साडीचं होतं. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असे, आणि माझ्या बोटांनी झिजलेल्या कीबोर्डला हळदकुंकू. “वापरते ती, पण घेतलाय मी,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे जरा समजूतदारपणे पाही, की बघा, किती नशीबवान सून.

गेली काही वर्षं तो कॉम्प्युटर चालू होण्याआधी कण्हत असे. मी बटण दाबून भाजी फोडणीला टाकायचे आणि झाकण ठेवून परत यायचे, तेव्हा कुठे त्याला जाग येई. मी एक ओळ टाईप करायची, चहाचा घोट घ्यायचा, घोट घशाखाली उतरला की ओळ स्क्रीनवर उमटायची. तारीख तो रोज स्वतःच्या मनाची दाखवे. ती मी दाखवली तर माझे यजमान म्हणाले, तारखेसाठी भिंतीवर कॅलेंडर आहे की.

तो बदलायचा कधी, ही चर्चा दर दिवाळीला फराळाबरोबर होत असे. यजमानांचं तत्त्व सोपं होतं. चालू असलेली वस्तू बदलणं ही उधळपट्टी, आणि बंद पडलेली वस्तू दुरुस्त होते. या दोन वाक्यांच्या मधे नवी वस्तू घेण्याची वेळ कुठे येते, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तेच तर. ते स्वतः एका सरकारी कचेरीत आहेत. तिथे नवे कॉम्प्युटर येत राहतात आणि बरेचसे खोक्यातच म्हातारे होतात, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरनं काय साधतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आबांचं म्हणणं, त्याला झालंय काय? आणि थोरले दीर शिरपूरला कॉलेजात शिकवतात, ते फोनवरून सल्ला देत की सध्या मुळीच घेऊ नका, पुढच्या वर्षी फार चांगलं मॉडेल येतंय. हे त्यांनी दर वर्षी सांगितलं आणि दर वर्षी ते खरंही असणार. तिघांची मतं निरनिराळी होती, त्यामुळे चर्चा रंगे. जो त्यावर बसून काम करतो त्याचं मत घ्यावं असं कोणाच्या मनात येण्याआधीच चकल्या संपत.

एकदा मी एकटीच बाजारात गेले होते. आम्ही ज्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतो त्या शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जळगावातच. माणूस अतिशय गोड. त्यांनी मला गार पाणी दिलं, खुर्ची दिली, तीन-चार मशिनं लावून दाखवली. एकावर मी माझं नाव टाईप केलं तर ते लगेच उमटलं, आणि मला उगाचच दचकायला झालं. सगळं झाल्यावर शेठजी म्हणाले की भाभी, फार चांगली पसंती आहे तुमची, आता एकदा भाईसाहेबांना घेऊन या. मी पाण्याबद्दल आभार मानून घरी आले.

मागच्या हिवाळ्यात स्क्रीनच्या डाव्या कडेला एक काळी पट्टी उभी राहिली. वरपासून खालपर्यंत, दोन बोटं रुंद. शेठजींनी पाहून सांगितलं की हा आता सुधारायचा नाही. मला वाटलं, आली बाई वेळ. पण यजमानांनी स्क्रीनसमोर उभं राहून पट्टीकडे आणि पट्टीच्या उजवीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बाकीचा स्क्रीन तर स्वच्छ आहे, असा निकाल दिला. डावीकडचं वाचायचं असेल तेव्हा पान उजवीकडे सरकवायचं, एवढंच. मी सरकवायला शिकले. ओळ टाईप करायची, चहा घ्यायचा, पान सरकवायचं, चहा घ्यायचा, ओळीची सुरुवात बघायची, पान परत आणायचं. त्या हिवाळ्यात माझा चहा फार वाढला.

आणि उन्हाळ्यात शिरपूरच्या पुतणीचं लग्न ठरलं.

थोरल्या दिरांची ही एकुलती एक मुलगी, आबांची लाडकी नात. पत्रिका अर्थातच मी करायची. दिरांना मी आदल्या मोसमात असोद्याच्या एका कुटुंबासाठी केलेली पत्रिका आवडली होती. मोराची वेलबुट्टी, मधे गणपती, डाव्या रकान्यात वधूपक्ष, उजव्यात वरपक्ष. अगदी अशीच कर, फक्त नावं बदल, असं त्यांनी सांगितलं. लग्नसराईत असंच करतात, जुनं पान उघडायचं आणि त्यावर नवी नावं बसवायची. मी तेच केलं.

आता असोद्याच्या त्या घरी वधूचे आजोबा हयात नव्हते. त्यामुळे डाव्या रकान्यात आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ होतं आणि आजीच्या नावाआधी ‘श्रीमती’. आजीचं नाव ओळीच्या मधे येत होतं, ते मला दिसलं, आणि मी ‘श्रीमती’ काढून ‘सौ.’ घातलं. आजोबांचं नाव ओळीच्या सुरुवातीला होतं. म्हणजे पट्टीखाली. त्या ओळीपाशी मी पान सरकवलं होतं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं.

घरातला प्रिंटर तेव्हा शाई वाळून बसला होता. मी म्हटलं, बाजारातून एक कागद काढून आणते, म्हणजे आबांना नीट तपासता येईल. पण आदल्याच दिवशी जेवताना नव्या कॉम्प्युटरचा विषय माझ्या तोंडून निघाला होता आणि आबांना तो लागला होता. कागद कशाला, मी स्क्रीनवरच वाचतो, काय बिघडलंय त्याला, असं म्हणून ते चष्मा पुसून बसले. कूलरचा वारा पाठीवर घेत त्यांनी सगळी पत्रिका मोठ्यानं वाचली, शाळेत धडा वाचावा तशी. मी म्हटलं, आबा, पान जरा सरकवून बघा, डावीकडचं झाकलं जातं.

“मला शब्दाचं शेपूट दिसलं की तोंड कळतं,” आबा म्हणाले. “चाळीस पोरांच्या वह्या तपासल्यात मी.”

त्यांनी चुका काढल्याच. मी ‘आशिर्वाद’ लिहिलं होतं, त्यातली ‘शि’ दीर्घ करायला लावली. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. शिरपूरच्या एका मंगल कार्यालयाच्या पत्त्यातला अनुस्वार काढला. मग खुर्चीला टेकून, आता छापायला हरकत नाही, अशी परवानगी दिली. स्वतःच्या निधनाला इतक्या समाधानानं मंजुरी देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

छापखानेवाल्यानं काहीच विचारलं नाही. नंतर तो म्हणाला की त्याला ती ओळ वाचून वाईट वाटलं होतं, पण घरात लग्न आणि त्यात हे दुःख, अशा वेळी काउंटरवर विषय कसा काढायचा म्हणून तो गप्प बसला. मला तेव्हा एवढंच जाणवलं की तो माझ्याशी फार हळू आवाजात बोलतोय आणि त्यानं गठ्ठे स्वतः रिक्षापर्यंत आणून दिलेत.

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. बाकीच्या निम्म्या शिरपूरला एसटीनं पाठवल्या, निम्म्या इथे वाटायला घेतल्या, आणि जिथे जाणं शक्य नव्हतं तिथे टपालानं किंवा मोबाईलवर पाठवल्या. घरातल्या कोणीही त्या वाचल्या नाहीत. का वाचाव्यात? लग्न कोणाचं आहे ते आम्हाला माहीत होतं. मोबाईलवर उत्तरं भराभर येऊ लागली. बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. यजमान खूष झाले, सगळ्यांनी आमंत्रण स्वीकारलं म्हणून. हात जोडल्याचं ते चित्र लग्नालाही चालतं आणि मयतालाही, हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिला फोन धुळ्याहून माझ्या आईचा आला. ती रडत होती. आई माझ्याशी अहिराणीतच बोलते.

“तुना सासरा गयात, आनि तू माले सांगं बी नही?”

माझे सासरे गेले आणि मी तिला कळवलंसुद्धा नाही, हा तिचा आरोप होता. मी समोर पाहिलं. आबा कूलरपुढे बसून कलिंगडाच्या बिया काढत होते. मी म्हटलं, “शेतस ओ माय, मना समोर बठेल शेतस.” तिला आधी पटेना. तिला वाटलं मला धक्का बसलाय. शेवटी मी फोन आबांच्या हातात दिला आणि आबांनी विहीणबाईंची नेहमीसारखी विचारपूस केली. आई एवढी गडबडली की तिनं त्यांना विचारलं, तब्येत कशी आहे?

फोन ठेवून मी पत्रिका हातात घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा ती वाचली. कागदावर पट्टी नव्हती. ‘कै.’ तिथे स्वच्छ, ठसठशीत, सोनेरी शाईत छापलेलं होतं.

मी हे घरात कोणाला कसं सांगावं याचा विचार करत होते तोच दारावर थाप पडली. आबांच्याच शाळेतले एक जुने शिक्षक, निवृत्तीनंतर चाळीसगावला स्थायिक झालेले, भर उन्हात गाडीनं आले होते. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा पडलेला. दार आबांनी उघडलं.

पुढे काय झालं ते मी आतून पाहिलं. त्या गृहस्थांनी टोपी काढली, परत घातली. आबा म्हणाले, अरे वा, या या, इकडे कॉम्प्युटरजवळ बसा, इथे गार आहे. ते बसले. पाणी दिलं, ते प्यायले. त्यांनी आबांच्या हाताला बोट लावून पाहिलं, पेला परत देण्याच्या निमित्तानं. मग त्यांनी खिशातून चौपदरी घडी केलेली पत्रिका काढली आणि आबांसमोर धरून त्या ओळीवर नख ठेवलं.

आबांनी ती वाचली. चष्मा काढून पुसून पुन्हा वाचली. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पत्रिका मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली, आणि म्हणाल्या, “प्रूफ तुम्हीच वाचलं होतं ना?”

एवढं बोलून त्या शेवभाजीला फोडणी द्यायला आत गेल्या. चाळीसगावचे गृहस्थ म्हणाले की आलोच आहे तर जेवूनच जातो. ते जेवले, झोपले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. निघताना त्यांनी आबांना सांगितलं की गाडीत येताना ते चार शब्द बोलायची तयारी करत होते, चांगले जमलेही होते. आबांनी ते शब्द ऐकून घेतले. दारात उभं राहून, मान खाली घालून, पूर्ण.

दुपारी पाहुणे झोपलेले असताना आबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला बोलावून त्यांनी ते पान उघडायला लावलं आणि सरकवायला लावलं. मी सरकवलं. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. पान हळूहळू उजवीकडे गेलं आणि काळ्या पट्टीच्या आडून ‘कै.’ बाहेर आलं. आबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“हे काढता येतं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, इथून येतं. वाटलेल्या पत्रिकांमधून नाही.

यजमान संध्याकाळी कचेरीतून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी छापखान्याला दोष दिला, मग मला, मग असोद्याच्या कुटुंबाला, की त्यांच्या आजोबांमुळे हे झालं. पट्टीचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेवटी त्यांनी सुचवलं की सगळ्यांना मोबाईलवर दुरुस्तीचा संदेश पाठवावा. थोरल्या दिरांचाही शिरपूरहून फोन आला. तिकडे व्याह्यांनी विचारलं होतं की सुतक असेल तर तिथी पुढे न्यायची का. वरपक्षातल्या एका हुशार आजीबाईंनी मात्र ‘सौ.’ पाहून छापण्यातली चूक ओळखली होती. दुसऱ्या एकीचं म्हणणं पडलं की नाही, पत्रिका करायला घेतली तेव्हा ते असतील आणि होईस्तोवर गेले असतील.

संदेशाला आबांनी साफ नकार दिला. मी जिवंत आहे असं मी स्वतः जाहीर करत फिरणार नाही, असं ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ते नेमके तेच करत फिरले. घरात उरलेल्या पत्रिकांवर आम्ही ‘श्री.’च्या बारीक चिकटपट्ट्या लावत बसलो आणि आबा टोपी घालून, एसटीनं, रिक्षानं, पायी, एकेका घरी गेले. धुळ्यालाही जाऊन आले. उन्हात जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, आता काय व्हायचं राहिलंय?

मला आधी वाटलं की हा सगळा संताप आहे. पण ते परत आले की गप्पा रंगायच्या. कोण काय म्हणालं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणी त्यांच्या हाताखाली शिकून आपण कसे घडलो ते सांगितलं. हे सगळं माणूस गेल्याशिवाय कानावर येत नाही, आणि त्यांच्या आलं होतं. ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे, छापखानेवाला नक्की काय म्हणाला, त्याला खरंच वाईट वाटलं का? मी प्रत्येक वेळी थोडं वाढवून सांगितलं.

एका संध्याकाळी मात्र ते टोपीही न काढता बसून राहिले. मी चहा ठेवला तर म्हणाले, “एवढ्यांच्या घरी पत्रिका गेली. फोन किती थोड्यांचा आला गं.”

मी म्हटलं, लोक हल्ली पत्रिका वाचतच नाहीत आबा. त्यांना ते बरं वाटलं असावं. त्यांनी चहा घेतला. पण वाचूनही फोन केला नाही अशी ज्यांच्याबद्दल त्यांना शंका होती, ती माणसं त्यांच्या लक्षात राहिली. शिरपूरच्या मांडवात त्यातल्या काहींना ते मुद्दाम जाऊन भेटले आणि त्यांच्याकडे पाहत नुसते हसत उभे राहिले. त्यातला एक तर न जेवताच गेला.

लग्न छान झालं. नातीनं आबांच्या पायाला हात लावला तेव्हा आबांनी तिला तोंडानं आशीर्वाद दिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, सांगून ठेवतो, दीर्घ ‘शी’. मांडवात मला एरवी कोणी विचारत नाही, ह्या वेळी बायका येऊन बघून गेल्या की ती पत्रिका करणारी हीच का. मला वाटलं, गेला धंदा. पण त्यातल्या तिघींनी तिथेच कामं दिली. एकीनं सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरच्यांनी कोणाची पत्रिका शेवटच्या नावापर्यंत वाचली.

लग्नाहून परतल्यावर आबा एका सकाळी तयार होऊन बसले आणि मला म्हणाले, चल. यजमानांनी कुठे म्हणून विचारलं, तर आबांनी चपला घातल्या. आम्ही शेठजींच्या दुकानात गेलो. पत्रिका शेठजींनाही गेली होती, पण आबांचा फेरा त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. आबांना पायरीवर पाहून ते गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी आपोआप हात जोडले. ते हात नेमके कुठल्या अर्थाचे, हे त्यांनाही ठरवता येत नसावं.

“मी आहे,” आबा म्हणाले. “मोठा स्क्रीन दाखवा. आणि पसंत ती करेल.”

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा आबांकडे पाहिलं. भाईसाहेब कुठे आहेत, असं त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी ते गिळलं आणि मला खुर्ची दिली.

तर कॉम्प्युटर कधी बदलावा, या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरापुरतं मिळालं आहे. तो कण्हू लागला म्हणून बदलत नाहीत. सुनेच्या हाताखालचं काम रोज अर्ध्यावर जातं म्हणूनही नाही. घरातला एक कर्ता पुरुष त्यावर मरावा लागतो, आणि तोही असा, की नंतर स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊ शकेल. एवढं जुळून आलं की काम एका सकाळीत होतं. पुढच्या वर्षी चांगलं मॉडेल येतंय, असं थोरले दीर फोनवर म्हणालेच. आबांनी फोन कानापासून लांब धरला.

नवा स्क्रीन मोठा आहे, लखलखीत आहे. मी टाईप करते आणि अक्षरं माझ्या बोटांआधी उभी राहतात असं वाटतं. चहा निम्म्यावर आला. पण निर्भेळ सुख कोणाला लाभतं? आबांनी आता रोज प्रूफ वाचायचं ठरवलं आहे. घरच्याच पत्रिका नव्हे, माझ्याकडे येणारी प्रत्येक. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात आणि मोठ्यानं वाचतात. एखाद्या नावाआधी ‘कै.’ दिसलं की थांबतात. गिऱ्हाइकाचा नंबर माझ्याकडून मागून घेतात आणि फोन लावतात. मी खुणा करते, नको नको म्हणते, पण ते शिक्षकाच्या आवाजात सरळ विचारतात की आपले वडील खरोखर गेले आहेत ना, कधी गेले, कशानं गेले. पलीकडचा माणूस बिचकतो, पण सांगतो. बहुतेक वेळा बराच वेळ सांगतो. आबा ऐकून घेतात. हं, हं, म्हणतात.

नुसतं ‘श्री.’ दिसलं तरी आता त्यांचा विश्वास बसत नाही. परवा असोद्याच्या एका घरची पत्रिका होती. आबांनी तिकडच्या मुलाला फोन लावून विचारलं, “तुमच्या आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ लिहिलंय. आहेत ना ते?”

मुलगा म्हणाला, “आहेत की. देऊ का त्यांना?”

त्यानं फोन दिला. पलीकडे एक खणखणीत म्हातारा आवाज आला. मग दोघांचं केळीवर बोलणं झालं, उन्हावर झालं, गुडघ्यांवर झालं, कोणाच्या शाळेत कोण होतं यावर झालं. पत्रिका छापायला जायची होती, छापखान्याचा माणूस बाहेर येऊन बसला होता. मी हात थांबवून बसले होते. आबांनी फोनवर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, तू चहा टाक, आम्हाला वेळ लागेल.